कुवेतात राहिलेला कॉम्प्युटर

कोकणातल्या मुसलमान घरांचा इतिहास लिहायचा झाला तर तो परदेशातून आलेल्या वस्तूंच्या क्रमाने लिहिता येईल. आधी बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी आणलेली घड्याळे आणि चिनी मातीच्या बशा आल्या. मग १९७३ साली तेलाचे भाव चढले, आखातात इमारती उभ्या राहू लागल्या आणि म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली, राजापूर या भागातली तरुण पोरे कुवेत, सौदी, बहारीन, दुबईला निघाली. त्यांच्याबरोबर टू-इन-वन आला, ब्लँकेटे आली, अत्तराच्या बाटल्या आल्या, मिक्सर आला, व्हीसीआर आला. या यादीत शेवटी शेवटी आणखी एक वस्तू आली. तिची नोंद कुणी घेतली नाही, कारण ती मुलांची होती. ती म्हणजे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम.

आखातावर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात विरह आहे, बँकेचे ड्राफ्ट आहेत, एजंटांनी केलेली फसवणूक आहे. ते सगळे खरेच आहे. पण त्या माणसांनी मुलांसाठी काय आणले आणि काय आणायचे राहिले, याचाही हिशेब कुठेतरी व्हायला हवा. माझ्यापुरता तो हिशेब एका कॉम्प्युटरचा आहे. मी तो कधी पाहिला नव्हता.

माझे मरहूम अब्बा १९७७ साली कुवेतला गेले. एका कंत्राटदाराकडे ते इलेक्ट्रिशियन होते. पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागत आणि अब्बांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ते टेपरेकॉर्डरवर बोलून ती कॅसेट गावाकडे येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवत. १९९० च्या सुरुवातीला आलेल्या कॅसेटमध्ये अम्मीशी, दादीशी बोलून झाल्यावर ते माझ्याशी बोलले. "तुझ्यासाठी कॉम्प्युटर घेऊन ठेवलाय. त्याच्यावर अरबी अक्षरं हायत. टीव्हीला लावायचा, कॅसेट घातली की पेंग्विन पळतो. सुट्टीवर येताना घेऊन येतंय."

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय बसने इराक ओलांडून जॉर्डनला पोहोचले आणि तिथून, अम्मानहून, एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत उतरले. विमानांच्या जवळपास पाचशे फेऱ्या झाल्या. सप्टेंबरच्या शेवटी आलेल्या अशाच एका विमानात अब्बा होते. त्यांच्या हातात रेक्झिनची एक बॅग होती. तीत दोन कपडे, पासपोर्ट आणि खजुराचा अर्धा पुडा. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. कॉम्प्युटरचे नाव त्यानंतर घरात निघाले नाही.

२००९ साली अब्बा गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत नुकसानभरपाईच्या अर्जाची एक प्रत सापडली. युद्धानंतर, १९९१ साली, संयुक्त राष्ट्रसंघाने भरपाईसाठी एक आयोग नेमला होता. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातला काही हिस्सा त्यात जमा व्हायचा आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना तो वाटला जायचा. आपल्याकडचे अर्ज भारत सरकारमार्फत गेले. कुवेत सोडावे लागले एवढ्यासाठी एकट्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर अशी ठरावीक रक्कम होती. सामानसुमान गेले असेल तर त्याचा वेगळा अर्ज आणि वेगळी यादी. या आयोगाचा शेवटचा हप्ता इराकने २०२२ च्या जानेवारीत भरला. तोवर एकूण रक्कम ५२ अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

अब्बांची यादी टाइप केलेली होती. टीव्ही एक, फ्रिज एक, शिलाई मशीन एक, हत्यारांची पेटी एक, असे सोळा नग. त्यातला अकरावा नग 'होम कॉम्प्युटर, खेळांसह'. त्या ओळीवर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली होती. शेजारी अब्बांची छोटी सही. बाकीच्या पंधरा ओळी जशाच्या तशा. ती एकच ओळ का खोडली, ते विचारायला आता अब्बा नव्हते. अम्मीला ठाऊक नव्हते.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला जुने व्हिडिओ गेम जमवण्याचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी तो जुन्या बाजारात फिरतो आणि आपल्या खोलीत काचेच्या कपाटात ते खेळ नीट मांडून ठेवतो. अब्बांच्या कॅसेटी मी सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. एकदा त्या ऐकत असताना पेंग्विनचे वाक्य आले आणि तो उठून बसला. म्हणाला, "मामू, हा अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर आहे. आणि मशीन सख्र असणार."

मग त्याने मला जे सांगितले ते इथे थोडक्यात सांगतो. १९८३ साली जपानमध्ये एमएसएक्स नावाची घरगुती संगणकांची एक पद्धत निघाली. वेगवेगळ्या कंपन्यांनी यंत्रे बनवायची, पण एकाची खेळाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालायची. कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारेख या गृहस्थांनी १९८२ साली एक कंपनी काढली होती. तिने ही यंत्रे अरबी लिपी घालून बाजारात आणली. नाव ठेवले सख्र, म्हणजे खडक. कीबोर्डमध्येच सगळा संगणक, वर कॅसेटची खाच आणि कळांवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरे. अरब देशांतल्या एका पिढीने संगणक पहिल्यांदा पाहिला तो हा. याच कंपनीने पुढे कुराण आणि हदीस संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. कुवेतवरच्या हल्ल्यानंतर तिला आपला मुक्काम कैरोला हलवावा लागला. म्हणजे अब्बांचा कॉम्प्युटर आणि तो बनवणारी कंपनी, दोघांवर एकाच वेळी एकच आपत्ती आली.

"कोकणातून इतकी माणसं कुवेतला गेली," भाचा म्हणाला, "त्यातल्या एकाने तरी हे मशीन घरी आणलं असेलच. आपण शोधू या."

अशा रीतीने २०२४ च्या जानेवारीत आम्ही त्याच्या गाडीतून पनवेलहून निघालो. चार दिवस, राजापूरपर्यंत. गाडीत स्क्रूड्रायव्हरांचा संच, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, जुन्या पद्धतीच्या वायरी आणि एक लहान, जाड पाठीचा जुना टीव्ही होता. वाटेत पोलिसांनी तपासणीला थांबवले तेव्हा या सामानाचा खुलासा करता करता आमची पुरेवाट झाली.

मुंबई-गोवा रस्ता पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता ६६ झाला आहे. दशकाहून अधिक काळ त्याचे रुंदीकरण चालले आहे. त्या कामात रस्त्याकडेची कितीतरी जुनी दुकाने गेली आणि आम्हाला हवी होती नेमकी तीच दुकाने, म्हणजे टीव्ही दुरुस्तीची. महाडला एक सापडले. दुकानदार साठीचे. आमचे काम ऐकून त्यांनी भिंतीवर खांद्याच्या वर एक बोट ठेवले. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी तिथपर्यंत चढले होते. "बारा-पंधरा गेम पडून होते इथं. दुरुस्तीला आणून टाकलेले, कुणी परत न्यायला आलं नाही. चिखलाबरोबर सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून दिलं." पण सर्वांत वरच्या फळीवर एक बिस्किटाचा डबा वाचला होता. त्यात पिवळ्या, निळ्या, काळ्या अशा नऊ कॅसेटी होत्या. एकीवर '९९९९ इन १' असे छापलेले होते.

ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले त्यांना या कॅसेटी वेगळ्या सांगायला नकोत. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डोचे, जुलै १९८३ मधले. आपल्याकडे बहुतेक घरांत आली ती त्याची नक्कल. मूळ यंत्रातल्या अनेक चिपांचे काम नक्कल करणाऱ्यांनी एकाच चिपेत बसवले आणि तिच्यावर काळ्या रसायनाचा एक थेंब ओतला. यंत्र उघडले तर आत तेवढा एक काळा ठिपका दिसतो. त्यामुळे ते स्वस्त झाले आणि मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, रणगाड्यांचा तो बॅटल सिटी. '९९९९ इन १' मध्ये खरे खेळ मोजकेच. तेच तेच खेळ वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पायरीपासून सुरू व्हायचे. हे मुलांना दोन दिवसांत कळे, पण कुणी तक्रार करीत नसे.

कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारत असू. भाच्याने सांगितले की ती फुंकर निरुपयोगीच नव्हे, घातकही होती. तोंडातल्या दमटपणाने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. फरक पडत असे तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. त्याने अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पट्ट्या पुसल्या, कापूस काळा झाला. नवापैकी सहा कॅसेटी दुकानातच, आमच्या टीव्हीवर चालल्या. त्यांतल्या चिपेत खेळ कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. तो टिकायला वीज लागत नाही. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

कशेडीचा जुना घाट उतरून खेडला आलो. तिथल्या भंगारवाल्याने आमच्या शोधाचे गणित दोन वाक्यांत मांडले. प्लास्टिकचा खोका एका ढिगात जातो, हिरवी पट्टी दुसऱ्या ढिगात. "पट्टीला भाव जास्त, म्हणून खोका आधी फोडतो." आखातातून अत्तराच्या वासासह आलेली वस्तू शेवटी दोन ढिगांत विभागली जाते. त्याच्या गोदामात पट्ट्यांचे पोते होते. भाच्याने ते उपसून पाहिले, काळ्या ठिपक्याच्या सात पट्ट्या निघाल्या. त्याने त्या वजनावर विकत घेतल्या. तो माणूस आमच्याकडे दयेने पाहत राहिला.

दापोलीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एक घर कळले होते. घर मोठे, दुमजली, संगमरवरी जिना. आत एक म्हातारी आणि तिची कामवाली, एवढीच माणसे. तिन्ही मुलगे बाहेर. या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. पैसा आला, घर उभे राहिले आणि घरात राहायला माणूस उरला नाही. फुफीने आम्हाला नाव-गाव विचारले, कुणाचा कोण ते ठरवले आणि मग किल्ल्यांचा जुडगा दिला. माळ्यावरच्या खोलीत एक व्हिडिओ गेम होता, सोबत प्लास्टिकचे पिस्तूल. आणि खाली हॉलमध्ये कापडाने झाकलेला पंचवीस वर्षांपूर्वीचा टीव्ही अजून चालू स्थितीत.

हे पिस्तूल बदकांच्या खेळाचे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. उजेड दिसला तर नेम लागला, नाही तर हुकला. पिस्तुलातून काहीच बाहेर जात नाही, ते फक्त पाहते. जुना टीव्ही चित्र ओळीओळीने आणि विनाविलंब रंगवतो म्हणून हा मेळ बसतो. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि एकही बदक पडत नाही. म्हणून खेळ जपायचा तर त्याच्या काळचा टीव्हीही जपावा लागतो. फुफीच्या टीव्हीवर भाच्याने पहिल्याच फेरीत सात बदके पाडली. ती हसली आणि म्हणाली, "माझा मधला रोज शाळेतून आला की हेच करायचा." मग तिने ते यंत्र देण्याचा विषय स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला. "तो येईल तेव्हा विचारीन." भाच्याने वहीत नोंद केली आणि पिस्तूल पुसून जागेवर ठेवले.

जुने खेळ नाहीसे होणे हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत अटारी कंपनीने १९८३ साली न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणून सुमारे तेराशे कॅसेटी बाहेर काढल्या गेल्या. २०२३ साली तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली तेव्हा दिसले की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. फरक एवढाच की तिथे कुठे पुरले याची नोंद होती, म्हणून खणता आले. आपल्याकडे सावित्री आणि वाशिष्ठीच्या गाळात काय गेले याची यादी कुणाकडे नाही.

राजापूरला अब्बांचे एक जुने साथीदार राहतात. कुवेतमध्ये हवल्ली भागात दोघे एकाच इमारतीत होते आणि १९९० मध्ये एकाच बसने निघाले होते. वय ऐंशीच्या पुढे, कान मंद, पण नजर साबूत. चाचांनी आमचे सगळे ऐकून घेतले. काही न बोलता आत गेले आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वस्तू दोन्ही हातांवर घेऊन आले. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. चादरीखाली प्लास्टिक, प्लास्टिकखाली सख्र. कळा पिवळसर पडलेल्या, त्यांवर अलिफ, बे, जीम.

"तुझ्या अब्बांनी आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. मी माझा ८९ च्या सुट्टीत घेऊन आलंय. त्यांचा राहिला."

प्लग तिकडचा, तीन चौकोनी दांड्यांचा. त्याला जोड शोधायला पाऊण तास गेला. टीव्हीची पद्धत मात्र दोन्ही देशांत एकच होती, ती अडचण आली नाही. पहिल्यांदा नुसता पडदा निळा झाला. भाच्याने खाच पुसली, कॅसेटच्या पट्ट्या पुसल्या, पुन्हा लावून पाहिले. तिसऱ्या खेपेस आवाज आला आणि पेंग्विन पळू लागला.

खेळ अगदी साधा आहे. बर्फावरून पेंग्विन पळतो, खड्डे आणि सील चुकवतो, मासे टिपतो. वेळ संपायच्या आत पुढचा तळ गाठायचा. तळ गाठला की तो ज्या देशाचा, त्याचा झेंडा वर चढतो आणि पेंग्विन पुढच्या तळाकडे निघतो. सगळे टप्पे झाले की पुन्हा पहिल्यापासून. चाचांनी चष्मा पुसला आणि चार तळ एका दमात गाठले. मी शेजारी बसून पाहत होतो. चौतीस वर्षांपूर्वी टेपमध्ये ऐकलेले वाक्य समोर पळत होते.

मी अर्जाची प्रत बरोबर नेली होती. ती चाचांपुढे ठेवली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले. चाचांनी ती ओळ वाचली आणि बराच वेळ कागद हातात धरून ठेवला.

"ही यादी मीच टाइप करून आणलेली. दोघांची," ते म्हणाले. "आम्ही निघालो त्या दिवशी बसमध्ये एकच बॅग घेऊ देत होते. तुझ्या अब्बांनी कॉम्प्युटर शेजारच्या फिलिस्तिनी कुटुंबातल्या पोराला दिला. तुझ्याएवढाच होता. रोज संध्याकाळी येऊन खेळायचा. नंतर अर्ज भरायला बसलो तेव्हा म्हणाले, ही ओळ काढ. लुटला गेला त्याचे पैसे मागेन. हा मी माझ्या हाताने दिलेला आहे. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय? तर माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि रेघ मारली."

त्या वेळी आमच्या घरात काय परिस्थिती होती ते मला आठवते. अब्बांना मुंबईत काम मिळत नव्हते, अम्मीच्या बांगड्या गहाण होत्या. अर्जातल्या प्रत्येक ओळीला किंमत होती. खरेदीची पावती कुणाकडेच नव्हती, त्यामुळे ती ओळ ठेवली असती तरी कुणी हरकत घेतली नसती.

ज्याला कॉम्प्युटर मिळाला त्या मुलाचे पुढचे आयुष्यही सोपे गेलेले नसणार. १९९१ साली कुवेत मुक्त झाल्यावर तिथल्या पॅलेस्टिनींवर संशयाची नजर फिरली. काही लाखांच्या त्या वस्तीतले बहुतेक जण देश सोडून गेले, पुष्कळसे जॉर्डनला. अब्बा ज्या रस्त्याने आले त्याच बाजूला तीही माणसे गेली. ज्यांना परतायला गाव होते ते गावी परतले. त्यांचा प्रवास मात्र पुन्हा पहिल्या तळापासून सुरू झाला.

आम्ही परतलो त्यानंतर दोन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, मोहम्मद अल-शारेख यांचे निधन झाले. शेवटच्या काळात त्यांनी जुन्या अरबी साहित्यिक आणि सांस्कृतिक नियतकालिकांचे अंक संगणकावर आणून सर्वांसाठी खुले केले होते. कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाने अखेर जुनी मासिके जपली. आपल्या अंकांच्या जुन्या फायली कोणत्या माळ्यावर आहेत, हा प्रश्न तेव्हा मला पहिल्यांदा पडला.

चाचांचा सख्र चाचांकडेच आहे. भाच्याने तो मागितला नाही, किंमतही विचारली नाही. निघताना फक्त कॅसेट पुन्हा पुसून दिली आणि थोडे अल्कोहोल एका बाटलीत काढून ठेवले.

भाच्याच्या वहीत आता कोकणातले एकोणीस खेळ नोंदले आहेत. प्रत्येकासमोर गाव, कुठल्या देशातून आला, कुणी कुणासाठी आणला, चालतो की नाही, असे रकाने. राजापूरहून परतताना हातखंब्याला जेवायला थांबलो तेव्हा त्याने वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या ओळीत त्याने नानांचा, म्हणजे अब्बांचा, कॉम्प्युटर लिहिला होता. गाव हवल्ली, कुवेत. आणला मुलासाठी. चालतो की नाही हा रकाना कोरा होता. मालकाच्या रकान्यात लिहिले होते, 'शेजारचा मुलगा'.